बाल्टिक अंबरमधील ४.६ मिलिमीटरचा भुंगेरा: हा खरोखर स्कॅरॅब आहे का?

प्रश्न: हुमणीनिरीक्षक

सर्वांना नमस्कार.

मी कृषी विभागातून निवृत्त झालो आहे. उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी अळीची पाहणी हे माझे अनेक वर्षांचे काम होते, त्यामुळे वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुलिंबावर आणि बाभळीवर जमणारे तिचे भुंगेरे मी हजारोंच्या संख्येने हाताळले आहेत. जीवाश्मांचा मात्र मला अनुभव नाही, म्हणून येथे विचारत आहे.

माझी मुलगी पोलंडमध्ये नोकरी करते. तिने ग्दान्स्क येथून बाल्टिक अंबरचा, म्हणजे आपण ज्याला तृणमणी म्हणतो त्या जीवाश्म झालेल्या राळेचा, एक तुकडा माझ्यासाठी आणला. तुकडा मधाच्या रंगाचा, २२ मिलिमीटर लांब आणि १४ मिलिमीटर रुंद असून त्याच्या एका कडेजवळ गडद तपकिरी भुंगेरा आहे. सोबतच्या चिठ्ठीवर ‘स्कॅरॅब, शेणकिडा’ एवढेच लिहिलेले आहे (स्कॅरॅब म्हणजे शेणकिडे आणि हुमणीचे भुंगेरे ज्यात येतात तो मोठा गट).

एका महाविद्यालयातील स्नेह्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी त्याचे मोजमाप घेतले. लांबी ४.६ मिलिमीटर भरली. शरीर लांबट अंडाकृती, पाठ फुगीर, आणि ढालपंखांवर, म्हणजे पाठीवरील कठीण पंखांवर, लांबीच्या दिशेने खोल रेघा आहेत. पोटाच्या बाजूला दुधासारखा पांढरा थर असल्यामुळे तेथील काहीही नीट दिसत नाही. डाव्या शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरील मिशीचे, टोक जाड असून ते तीन भागांचे वाटते. पुढचे पाय अंगाखाली दुमडलेले आहेत.

हुमणीच्या भुंगेऱ्याच्या शृंगिकेलाही टोकाशी तीन पाती असतात, म्हणून हा त्याच गटातील असावा असे माझे मत झाले आहे, परंतु चिठ्ठी शेणकिडा म्हणते. यांपैकी खरे काय, हे ठरवण्यासाठी नेमके काय पाहावे? आणि त्याआधी, हे अंबर खरे आहे याची खात्री तुकड्याला धक्का न लावता कशी करावी?

उत्तर: राळखडक

मी भूविज्ञानाचा माणूस आहे, त्यामुळे केवळ आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आपण ज्या पांढऱ्या थराला अडचण समजत आहात, तो खरे तर आपल्या बाजूचा साक्षीदार आहे. ताज्या राळेत अडकलेला किडा कुजू लागला की त्याच्या अंगातील ओलावा आणि वायू भोवतालच्या राळेत शिरतात आणि तेथे अतिसूक्ष्म बुडबुड्यांचा फेस तयार होतो. बाल्टिक अंबरमधील कीटकांच्या एकाच बाजूला असा दुधी थर वारंवार आढळतो. बनावट तुकड्यात हल्लीचा वाळवलेला किडा प्लॅस्टिकमध्ये ओतलेला असतो, आणि त्याच्याभोवती असा थर सहसा नसतो. तेथे किडा तुकड्याच्या बरोबर मध्यभागी, पाय दोन्ही बाजूंना सारखे पसरलेला आणि आकारानेही डोळ्यांत भरेल इतका मोठा असतो. कडेजवळ तिरका पडलेला, ४.६ मिलिमीटरचा, पाय दुमडलेला भुंगेरा हे चित्र मला विश्वासार्ह वाटते.

दुसरी गोष्ट, त्याच तुकड्यात इतरत्र शोधा. चांदणीसारख्या, एका बिंदूतून अनेक टोके फुटलेल्या सूक्ष्म लवा दिसल्या तर त्या ओकच्या जातीच्या झाडांवरील आहेत, आणि बाल्टिक अंबरमध्ये त्या इतक्या सर्रास आढळतात की ती जवळजवळ त्याची ओळखच ठरली आहे.

मिठाच्या संपृक्त पाण्याची चाचणी निर्धोक आहे. बाल्टिक अंबरची घनता १.०५ ते १.१० असते, त्यामुळे ते अशा पाण्यात तरंगते आणि बेकेलाइट किंवा पॉलिएस्टर बुडते. पण मडागास्कर किंवा कोलंबिया येथील कोपल, म्हणजे वयाने फार लहान असलेली राळ, हीसुद्धा तरंगते, आणि पॉलिस्टायरीनही तरंगते. म्हणून तरंगणे हा पुरावा अपुरा समजावा, बुडणे मात्र निर्णायक आहे. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली खरे बाल्टिक अंबर निळसर उजळते. पूर्ण खात्री हवी असेल तर अवरक्त वर्णपट काढून घ्यावा. बाल्टिक अंबरच्या आलेखात ठरावीक जागी एक सपाट खांदा दिसतो, आणि त्याबाबत वाद होत नाही.

तापवलेली सुई टोचण्याचा सल्ला आपल्याला अनेकजण देतील. कृपया तो मानू नका. ज्या तुकड्यात अभ्यास करण्याजोगा जीव आहे, त्याला कायमचा डाग देण्याचे काहीच कारण नाही. मद्यार्काने पुसणेही टाळावे.

वयाबद्दल लिहिणे राहिले. बाल्टिक अंबर इओसीन काळातील असून त्याचे वय साधारण ३.४ ते ४.८ कोटी वर्षे धरले जाते. कालिनिनग्रादजवळच्या यांतार्नी येथे ते ‘निळी माती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सागरी थरातून काढतात. म्हणजे ज्या जंगलात राळ पाझरली, त्या जागेवर ते आता नाही. पाण्याने वाहून नेऊन ते समुद्रतळावर पुन्हा गाडले गेले आहे.

उत्तर: ढालपंखी

हुमणीनिरीक्षक, आपले निरीक्षण अतिशय शिस्तीचे आहे आणि म्हणूनच त्यातील एक निष्कर्ष मला दुरुस्त करावासा वाटतो. तीन पात्यांची शृंगिका हे हुमणीच्या गटाचे वैशिष्ट्य नाही. शेणकिडे, ॲफोडायिनी, हायबोसोरिडी, ट्रॉगिडी, जिओट्रुपिडी अशा स्कॅरॅबच्या महाकुळातील बहुतेक सर्व शाखांत तीनच पाती असतात. ज्या गटाशी आपला आयुष्यभर परिचय असतो, त्याचीच खूण आपल्याला सर्वत्र दिसू लागते. मीही पहिल्या काही वर्षांत असेच केले आहे. तीन पात्यांवरून आपण महाकुळापर्यंत पोहोचू शकतो, त्यापुढे नाही, आणि तेही ती खरोखर पाती असतील तरच.

म्हणून पहिला प्रश्न हा की ते टोक नक्की कसे आहे? स्कॅरॅबची पाती एका बाजूला वाढलेली असतात आणि पुस्तकाच्या पानांसारखी उघडतात व मिटतात. मिटलेली असताना ती एकसंध गोळ्यासारखी दिसतात, पण भिंगातून त्यांच्यामधील रेषा ओळखता येते. अंबरमध्ये या जागी फसवणारे कीटक पुष्कळ आहेत. टिनिडी कुळातील लाकूड पोखरणाऱ्या अनेक भुंगेऱ्यांत शृंगिकेचे शेवटचे तीन खंड लांब आणि मोठे असतात, परंतु ते एकामागोमाग एक सुटे असतात, पानांसारखे एकावर एक मिटत नाहीत. बॉस्ट्रिकिडीमध्येही तीन सुट्या खंडांची गदा असते. त्यांची वक्षाची ढाल डोक्यावर टोपीसारखी पुढे येते आणि तिच्यावर किसणीसारखे दाते असतात. हिस्टेरिडी कुळातील भुंगेऱ्यांची शृंगिका कोपरासारखी वाकलेली आणि गदा घट्ट गोळा असते. शिवाय त्यांचे ढालपंख मागे आखूड पडून पोटाचे शेवटचे दोन खंड उघडे राहतात. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या नडगीवर दाते असल्यामुळे तेही घाईत स्कॅरॅब समजले जातात. झाडाच्या खोडावर राहणारे हे सर्व कीटक राळेत सहज सापडतात. स्कॅरॅब मात्र बहुतांशी जमिनीत, शेणात किंवा कुजक्या पाल्यात राहतात, आणि मोठ्या अंगाचे असतील तर राळेतून निसटूनही जातात. अंबरमध्ये ते विरळ असण्याचे कारण हेच असावे. म्हणून विक्रेत्याने ‘स्कॅरॅब’ लिहिले की मी आधी हे सगळे तोतये बाजूला काढतो.

पाहण्याची पद्धतही सांगतो, कारण अर्ध्या चुका अंबरच्या वक्र पृष्ठभागामुळे होतात. अंबरचा अपवर्तनांक १.५४ च्या आसपास असतो. हवेतून पाहिले तर वाकडा पृष्ठभाग भिंगासारखे काम करतो आणि पायाची जाडी, शृंगिकेची लांबी, सगळेच बदलून दिसते. पाहायच्या बाजूवर ग्लिसरीनचा थेंब ठेवा आणि त्यावर सूक्ष्मदर्शकाची पातळ काच अलगद टेकवा. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७ असल्यामुळे विकृती पूर्ण जात नाही, पण पुष्कळ कमी होते. साखरेचा दाट पाकही चालतो. काम झाल्यावर तुकडा साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावा. प्रकाश एकाच बाजूने तिरका सोडावा आणि तुकडा फिरवत राहावे. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात रेषा बुजतात.

आता आपण पुढील गोष्टी पाहून कळवाव्यात. पुढच्या नडगीच्या बाहेरच्या कडेवर माती उकरण्याचे दाते आहेत का, असल्यास किती? डोक्याकडे वरून पाहिल्यास जबडे दिसतात, की डोक्याची पुढची ढाल त्यांना पूर्ण झाकते? जबडे वरून स्पष्ट दिसत असतील तर विचार हायबोसोरिडी, ओकोडायडी किंवा जिओट्रुपिडीकडे वळतो. डोमिनिकन अंबरमधून २००१ मध्ये रॅटक्लिफ आणि ओकांपो यांनी वर्णिलेला टिरॅनासोरस रेक्स हा भुंगेरा अशाच हायबोसोरिडी कुळातला आहे. ओकोडायडी असेल तर मधल्या नडगीच्या टोकाच्या काट्याला कंगव्यासारखे दाते असतात. इतकी स्पष्ट खूण दुसऱ्या कुळात क्वचितच मिळते. ढालपंखांच्या मुळाशी मधोमध लहान त्रिकोणी तुकडा, ज्याला स्कुटेलम म्हणतात, तो दिसतो का? मागच्या नडगीच्या टोकाला एक काटा आहे की दोन? ढालपंख पोटाचे टोक पूर्ण झाकतात का? आणि शक्य झाल्यास, मधल्या दोन पायांची मुळे एकमेकांजवळ आहेत की दूर?

हे शेवटचे तीन-चार प्रश्न शेणकिडा आणि त्याचे नातलग वेगळे करण्यासाठी आहेत. खऱ्या शेणकिड्यांत, म्हणजे स्कॅरॅबिनी उपकुळात, मागच्या नडगीला सहसा एकच काटा असतो, मधल्या पायांची मुळे दूरदूर असतात आणि स्कुटेलम बहुधा झाकलेला असतो. ॲफोडायिनी या त्यांच्या नातलग उपकुळात दोन काटे, जवळ असलेली मुळे आणि उघडा स्कुटेलम. आपल्या ओळखीच्या हुमणीच्या भुंगेऱ्यात पोटाचे टोक ढालपंखांबाहेर उघडे राहते, हे आपल्याला सांगायला नकोच.

हुमणीनिरीक्षक

ढालपंखी आणि राळखडक, दोघांचेही मनापासून आभार. मी सलग दोन सकाळी तुकडा पाहिला आणि जे दिसले तेच लिहीत आहे.

मिठाच्या पाण्यात तो तरंगला. अतिनील दिव्याखाली निळसर दिसला. चांदणीसारख्या लवा तीन ठिकाणी सापडल्या, आणि त्या दिसल्यावर मला जो आनंद झाला तो शब्दांत मांडणे कठीण आहे.

ग्लिसरीन आणि काच वापरल्यावर डाव्या शृंगिकेची तीन पाती स्पष्ट झाली. ती मिटलेली आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन बारीक रेषा दिसतात. पुढच्या उजव्या नडगीच्या बाहेरच्या कडेला तीन दाते आहेत. डोक्याची पुढची ढाल रुंद असून मध्यभागी किंचित खाचलेली आहे आणि तिच्या पुढे जबड्याचे टोक कोठेही डोकावत नाही. स्कुटेलम आहे, लहान पण निश्चित. ढालपंख पोटाचे टोक झाकतात, त्यामुळे हा हुमणीचा भाऊबंद असल्याचे माझे मत मी मागे घेत आहे. मागच्या डाव्या नडगीच्या टोकाला दोन काटे दिसतात, मात्र उजवीकडे पांढरा थर असल्यामुळे तेथे एकच दिसतो. मधल्या पायांची मुळे थराखाली पूर्ण झाकली गेली आहेत.

पोटाची बाजू पाहण्यासाठी तुकडा घासून नवी सपाट बाजू काढावी का? माझ्या परिचयातील एक सराफ ते करून देण्यास तयार आहेत.

उत्तर: खाणीकाठी

घासण्याच्या प्रश्नावर तातडीने लिहीत आहे: कृपया तसे करू नका. बाल्टिक अंबरमधील किडा वरून भरीव दिसला तरी आत बहुधा पोकळ असतो. कवचाची पातळ पटले आणि राळेवर उमटलेला ठसा एवढेच शिल्लक राहिलेले असते. अर्धा मिलिमीटर जास्त घासले गेले तर पोकळी उघडी पडते, आत हवा आणि पॉलिशची धूळ शिरते आणि जे आज दिसते तेही उद्या दिसणार नाही. शिवाय दुधी थर घासून जात नाही, कारण तो किड्याला लागूनच असतो. अशी बाजू काढायचीच असेल तर ज्याने कीटक असलेले अंबर आधी हाताळले आहे, त्याच्याच हातून, पाण्याखाली आणि दर काही फेऱ्यांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत ती काढावी लागते.

मला स्वतःला हा फरक गुजरातच्या अंबरमुळे कळला. सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या उघड्या खाणींत खंबायत अंबर मिळते. ते सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे बाल्टिक अंबरपेक्षाही जुने आहे. त्यातील कीटकांविषयीचा मोठा शोधनिबंध २०१० मध्ये भारतीय, जर्मन आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केला. ही राळ डिप्टेरोकार्पेसी, म्हणजे साल वृक्षाच्या कुळातील झाडांची आहे आणि तिची रासायनिक घडण वेगळी असल्यामुळे ती टोल्युईन आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवता येते. त्यामुळे तेथील कीटक राळेतून सुटा करून सर्व बाजूंनी पाहता येतो. बाल्टिक अंबरच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. तेथे उरते ते क्ष-किरणांचे सूक्ष्म टोमोग्राफी चित्रण, ज्यात दुधी थराचा अडथळा राहत नाही. पण कवच फारच विरळ उरले असेल तर त्यातही चित्र फिके येते.

एक विनंती, जी विषयाला सोडून नाही. या तुकड्याच्या आनंदात पुढचा तुकडा घ्यावासा वाटेल आणि बाजारात ब्रह्मी अंबर सहज समोर येईल. म्यानमारच्या काचिन राज्यातील हुकाँग खोऱ्यातले हे अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांचे आहे, आणि क्रिटेशस काळातील भुंगेऱ्यांसाठी त्याच्याइतका समृद्ध साठा दुसरीकडे क्वचितच असेल. परंतु त्या खाणी सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात आहेत, आणि २०२० मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शोधपत्रिकांना अलीकडे बाहेर आलेल्या ब्रह्मी अंबरवरील लेखन थांबवण्याचे आवाहन केले होते. कोणता तुकडा कोठून आणि कोणाच्या हातून आला, हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये असे माझे ठाम मत आहे.

उत्तर: ढालपंखी

खाणीकाठी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. सराफांना नम्रपणे नकार द्यावा.

आपली निरीक्षणे वाचून फार समाधान वाटले. मिटणारी तीन पाती आणि दातेरी पुढची नडगी यांवरून महाकूळ निश्चित झाले. जबडे पूर्ण झाकलेले असल्यामुळे हायबोसोरिडी, ओकोडायडी आणि जिओट्रुपिडी दूर राहतात. ट्रॉगिडीची खडबडीत, गाठाळ पाठ येथे नाही. पोटाचे टोक झाकलेले असल्यामुळे हुमणीचा गट गळतो. स्कुटेलम उघडा आणि एका बाजूला तरी दोन काटे, हे शेणकिड्याच्या विरोधात जाते. उजवीकडे एकच काटा दिसतो, याला मी महत्त्व देणार नाही, कारण झाकलेल्या जागी न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. पण नोंद मात्र दोन्ही बाजूंची ठेवावी. राहिले ते ॲफोडायिनी.

चिठ्ठीवरील ‘शेणकिडा’ या शब्दाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते. ॲफोडायिनीतील अनेक जाती शेणात राहतात, पण पुष्कळ जाती कुजक्या पाल्यात आणि जमिनीतही राहतात, त्यामुळे केवळ उपकुळावरून या भुंगेऱ्याच्या आहाराविषयी काही सांगता येणार नाही. अशा घाईच्या नावांमुळे शास्त्रातही गोंधळ झालेला आहे. तारासोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शेणकिडे म्हणून नावे दिलेल्या ३३ जीवाश्मांचा फेरतपास केला आणि डोमिनिकन अंबरमधील दोन नव्या जातींची त्यांत भर घातली. त्यांतील केवळ २१ जीवाश्मांना खात्रीने शेणकिडे म्हणता येते आणि १४ संशयास्पद आहेत, असे त्यांचे मत पडले. संशयास्पद ठरलेल्यांत क्रिटेशस काळातील सर्वांत जुने मानले गेलेले दोन जीवाश्मही होते. शेणकिड्यांचा उगम किती जुना, याची गणिते ज्यांच्या आधारे मांडली जात होती, तेच पुरावे असे डळमळीत निघाले. म्हणून ज्या खुणा दिसतात तेवढ्यापर्यंतच नाव न्यावे, याविषयी मी इतका आग्रही आहे.

अजून एक गोष्ट पाहता आली तर पाहा. मागच्या नडगीच्या बाहेरच्या बाजूला आडव्या उंचवट्यांच्या रेषा आहेत का? असल्या तर ॲफोडायिनीतील ॲफोडियस आणि त्याच्या जवळच्या गटाकडे कल जातो. नसल्या तर एटेनियसच्या बाजूचा गट विचारात घ्यावा लागेल.

हुमणीनिरीक्षक

डावी मागची नडगी आज पुन्हा पाहिली. तिरक्या उजेडात एक आडवी रेषा दिसल्यासारखी वाटते, पण ती कवचावरची आहे की अंबरमधील तडा आहे, हे मला ठरवता येत नाही, म्हणून ती मी नोंदीत घेतलेली नाही. जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्याखाली पुढील मजकूर लिहिला आहे:

‘बाल्टिक अंबर, इओसीन. ग्दान्स्क येथे खरेदी. स्कॅरॅबिडी, बहुधा ॲफोडायिनी. लांबी ४.६ मिलिमीटर. शृंगिकेला तीन पाती (डावी पाहिली). पुढच्या नडगीला तीन दाते (उजवी). मागच्या नडगीला दोन काटे (डावी), उजवी झाकलेली. मधल्या पायांची मुळे दिसत नाहीत.’